मूलचेऱ्याच्या जंगलात फुटबॉल

गडचिरोलीचे खेळ म्हटले की कबड्डी आणि शंकरपट हीच नावे आपल्या तोंडी येतात. पण याच जिल्ह्यातील मूलचेरा व चामोर्शी तालुक्यांत बंगाली निर्वासितांची गावे आहेत. तेथे पोरगे चालायला लागले की चेंडूला पाय लावते. गेल्या हिवाळ्यात आम्ही काही कार्यकर्ते तेथला एक सामना पाहून आलो. ती हकीकत वाचक बंधू-भगिनींना सांगावीशी वाटते.

चंद्रपूरहून बल्लारपूर, गोंडपिपरी करीत आष्टीजवळ वैनगंगेचा पूल ओलांडला की गडचिरोली जिल्हा लागतो. पुढे जंगल दाट होते. मूलचेरा तालुक्यात शिरल्यावर सुंदरनगर, विवेकानंदपूर अशी नावे वाचायला मिळतात. घराशेजारी मासळीचे लहानसे तळे आणि कानावर बंगाली बोली. आपण महाराष्ट्रातच आहोत ना, असे क्षणभर वाटते.

धान निघालेल्या जागेवर मैदान केले होते. चुन्याच्या रेषा, बल्ल्यांचे गोलखांब. बायाबापड्या, लेकरे धुऱ्यावर बसलेली. सामना यजमान गावाचा आणि शेजारच्या आदिवासी गावाचा. निम्मी पोरे अनवाणीच होती. त्याचे हसू येण्याचे कारण नाही. १९११ साली मोहनबागानने गोऱ्या पलटणीला हरवून आय.एफ.ए. शील्ड जिंकली, तेव्हा एक गडी सोडून सारे अनवाणीच खेळले होते.

आमच्याशेजारी पंचाहत्तरी ओलांडलेले एक आजोबा बसले होते. आम्ही विचारले, "आजोबा, तुमचा संघ कोणता?" त्यांनी समोरच्या दोन्हींपैकी एकाचेही नाव घेतले नाही. म्हणाले, "ईस्ट बंगाल!" १९२० साली कलकत्त्यात स्थापन झालेला, लाल-पिवळ्या रंगाचा हा क्लब पूर्व बंगालातून आलेल्या माणसांना आपला वाटत आला आहे. आजोबांनी कलकत्त्याचे मैदान कधी पाहिले नाही. १९७५ साली ईस्ट बंगालने मोहनबागानला शील्डच्या अंतिम सामन्यात पाच गोलांनी हरवले, ती बातमी त्यांना इथेच, जंगलात कळली. आजही ते बोटे मोजून पाच दाखवतात. जमीन गेली, घर गेले, पण संघ कुणाला काढून घेता आला नाही.

आजोबा मूळचे खुलन्याचे. १९६४ च्या दंगलीत घर सुटले. रायपूरजवळच्या माना छावणीत दिवस काढले आणि मग सरकारने तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात आणून वसवले. ते नमोशूद्र समाजाचे आहेत, हे कळले तेव्हा आम्ही सरसावून बसलो. वाचकहो, १९४६ साली बाबासाहेब बंगालमधून घटना समितीवर निवडून गेले, ते बारिसालचे नमोशूद्र नेते जोगेंद्रनाथ मंडल आणि त्यांच्या साथीदारांच्या बळावर. फाळणी झाली आणि ज्या समाजाने बाबासाहेबांना पाठवले, त्याचाच मुलूख पाकिस्तानात गेला. त्यातलीच काही माणसे आज आपल्या शेजारी धान पिकवत आहेत आणि आपल्याला त्यांचे नाव ठाऊक नाही!

एवढ्यात आदिवासी संघाच्या काटक पोराने गोल केला. क्षणभर शांतता. मग आजोबांनीच पहिली टाळी वाजवली. "हे जंगल त्यांचे, आम्ही पाहुणे," असे ते म्हणाले. सामना एक-शून्य असा सुटला. दोन्ही संघांनी एकाच टोपलीतले मुरमुरे खाल्ले.

यजमानांचा गोलरक्षक चुणचुणीत होता. पुढे काय शिकणार, असे विचारले तर तो दाखल्यावर आला. पश्चिम बंगालात नमोशूद्र अनुसूचित जातीत आहेत, महाराष्ट्राच्या यादीत मात्र ते नाव नाही. त्यामुळे इथे जन्मलेल्या मुलाला शिष्यवृत्ती नाही की राखीव जागा नाही. माणसाने गाव बदलले म्हणून त्याचे मागासलेपण संपते काय? १९५६ साली धम्म घेतलेल्या आपल्या माणसांना केंद्राच्या सवलतींसाठी १९९० पर्यंत थांबावे लागले. दाखल्यासाठीचे हेलपाटे आपल्याला कुणी समजावून सांगायला नकोत.

म्हणून विनंती एवढीच. या हिवाळ्यात मुलाबाळांना घेऊन एखादा सामना पाहायला जा. धुऱ्यावर शेजारी बसा, जयभीम घाला, जोगेंद्रनाथांचे नाव काढा. आणि त्यांच्या दाखल्याच्या मागणीचा अर्ज समोर आला, तर आपली सही त्यावर असू द्या.