कॅबिनेटसोबत फुकट

दुकानासाठी संगणक जुळवून घ्यायचा ठरला की चर्चा प्रोसेसरपासून सुरू होते आणि मॉनिटरच्या आकारापाशी संपते. रॅम किती, एसएसडी कोणती, कीबोर्डवर मराठी अक्षरे आहेत का, हे सारे विचारले जाते. भिंतीतल्या प्लगमधून वीज घेऊन ती या सगळ्या भागांना वाटून देणाऱ्या डब्याबद्दल मात्र सहसा कोणी बोलत नाही. बाजारात त्याला एसएमपीएस म्हणतात. पुष्कळदा तो कॅबिनेटसोबतच येतो, बिलावर त्याची वेगळी ओळ नसते, म्हणून तो फुकट मिळाला असे गिऱ्हाइकाला वाटते. व्यापारात फुकट काही येत नसते, हे ज्यांना चांगले ठाऊक आहे अशी कुटुंबेही येथे फसतात.

सांगलीतील हळदीच्या एका पेढीवर असाच एक संगणक नऊ वर्षे चालला. पेढीचे मूळ पुरुष, ज्यांना घरात आणि बाजारात सगळे अण्णा म्हणतात, ते आता गादीवर सकाळीच तेवढे बसतात. हिशेब सूनबाई पाहतात. बी. कॉम. झालेल्या या सूनबाईंनी रोजमेळ आणि खतावणी संगणकावर आणली, जीएसटीची विवरणपत्रे बाहेर देणे बंद केले, आणि अडत्यांचे उतारे वेळेवर जाऊ लागले.

गेल्या दोन वर्षांत मात्र संगणक मध्येच बंद पडू लागला. बिल अर्धवट राही, कधी हिशेबाची फाइल दुरुस्त करून घ्यावी लागे, कधी केलेली नोंद पुन्हा करावी लागे. एकदा एका अडत्याच्या खात्यात तीच रक्कम दोनदा नावे पडली आणि बाजारात चार माणसांसमोर अण्णांना ती कबूल करून परत करावी लागली. पन्नास वर्षांत पेढीवर असे घडले नव्हते. दुरुस्तीला येणाऱ्या मुलाने दोनदा विंडोज नव्याने टाकून दिले, एकदा रॅम बदलली, आणि जाताना सांगितले की मशीन ठीक आहे, चालवणाऱ्यांकडून काहीतरी चुकीचे दाबले जात असावे. हे वाक्य घरात रेंगाळले. कोणी उघड बोलले नाही, पण महिन्याच्या अखेरीस हिशेब पुन्हा एकदा बाहेरच्या माणसाकडून तपासून घ्यावा, असा विषय निघू लागला.

सूनबाईंनी वाद घातला नाही. त्यांनी एक शंभरपानी वही घेतली आणि संगणक बंद पडला की तारीख, वेळ आणि त्या क्षणी काय चालू होते, एवढेच लिहायला सुरुवात केली. चार महिन्यांत एकतीस नोंदी झाल्या.

दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून अभियांत्रिकीचा विद्यार्थी असलेला नातू आला. त्याने वही वाचली आणि विचारले, "आई, या प्रत्येक ठिकाणी 'यूपीएसचा टक् आवाज' असं का लिहिलंयस?"

"कारण प्रत्येक वेळी तो आला," त्या म्हणाल्या.

निदान तेथेच झाले. आपल्याकडची वीज २३० व्होल्टची, सेकंदाला पन्नास वेळा आवर्तन पूर्ण करणारी प्रत्यावर्ती वीज आहे. संगणकाच्या भागांना ती चालत नाही. त्यांना १२, ५ आणि ३.३ व्होल्टची एकदिश वीज लागते, आणि हे रूपांतर एसएमपीएस करतो. त्याच्या आत मोठे कपॅसिटर असतात. बाहेरची वीज क्षणभर गेली तर त्यांत साठलेल्या ऊर्जेवर संगणक तेवढा वेळ तग धरतो. चांगल्या एसएमपीएसने पूर्ण भारावरही साधारण १६ मिलिसेकंद तग धरावा अशी अपेक्षा असते. दुकानांत वापरल्या जाणाऱ्या साध्या यूपीएसला वीज गेल्यावर बॅटरीवर यायला सामान्यतः ४ ते १० मिलिसेकंद लागतात, आणि तो टक् आवाज त्याच बदलाचा. म्हणजे दोन्ही यंत्रे निरोगी असतील तर वापरणाऱ्याला काही कळतसुद्धा नाही.

कपॅसिटर मात्र वयाप्रमाणे क्षीण होतात, आणि उष्णतेने अधिक लवकर. तापमान दहा अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य ढोबळमानाने निम्मे होते, असा एक ठोकताळा आहे. स्वस्त एसएमपीएसमध्ये हे घटक आधीच हलक्या प्रतीचे असतात. हळदीची पूड उडणाऱ्या खोलीत, टेबलाखाली, जाळी धुळीने भरलेली, अशा अवस्थेत नऊ वर्षे काढलेल्या त्या डब्याची साठवण संपत आली होती. यूपीएस बॅटरीवर येईपर्यंतचे काही मिलिसेकंदही त्याला निभावत नव्हते.

नातवाने अंदाजावर थांबणे नाकारले. आधी सगळ्या हिशेबाची प्रत वेगळ्या डिस्कवर घेतली. मग यूपीएसचे भिंतीवरचे बटण दहा वेळा बंद केले, तेव्हा जुना एसएमपीएस चार वेळा बसला. मित्राकडून आणलेला चांगला एसएमपीएस जोडून तेच दहा वेळा केले, तेव्हा संगणक एकदाही हलला नाही. अण्णा शेजारी खुर्ची घेऊन बसले होते. त्यांनी वही मागून घेतली, पहिल्या पानापासून वाचली आणि सुनेला म्हणाले, "आम्ही त्या पोराचं ऐकलं, तुझं नाही. वही आधीच बघायला हवी होती." बाहेरच्या तपासणीचा विषय त्या दिवशी मिटला.

नुसता एसएमपीएस बदलून भागले असते का? काही दिवस भागले असते. पण विंडोज १० ची मोफत अद्ययावतता १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, आणि त्या जुन्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ साठी पात्र नाही. बँकेचे व्यवहार आणि कराची विवरणपत्रे ज्या यंत्रावर होतात ते तसेच चालू ठेवणे शहाणपणाचे नव्हते. म्हणून नवा संगणक जुळवायचे ठरले, आणि या वेळी क्रम उलटा ठेवला. आधी काम ठरवायचे, मग भार मोजायचा, मग एसएमपीएस निवडायचा, आणि शेवटी कॅबिनेट.

काम हिशेबाचे, बिलांचे आणि बँकेचे. त्यासाठी इंटेल कोअर आय५-१२४०० हा प्रोसेसर पुरेसा होता. याच क्रमांकापुढे 'एफ' अक्षर असलेला प्रकार थोडा स्वस्त मिळतो, पण त्यात अंतर्गत ग्राफिक्स नसते, म्हणजे पडद्यासाठी वेगळे कार्ड घ्यावेच लागते. एका अक्षराच्या बचतीत हजारोंचा खर्च दडलेला असतो. या प्रोसेसरसाठीचे काही मदरबोर्ड डीडीआर४ रॅम घेतात, काही डीडीआर५. दोन्हींच्या खाचा वेगळ्या असल्याने एकाची रॅम दुसऱ्यात बसत नाही, तेव्हा बोर्ड आणि रॅम यांचा मेळ बिल करण्यापूर्वीच पाहावा. आठ जीबीच्या दोन पट्ट्या आणि एक एसएसडी घेतली, की पेढीचे काम निघते.

आता भार. या प्रोसेसरची मूळ क्षमता ६५ वॅटची, आणि पूर्ण जोर लावला तर तो ११७ वॅटपर्यंत जातो. बोर्ड, रॅम, एसएसडी आणि पंखे मिळून पन्नास धरले, तरी एकूण १७० च्या आत. नातवाच्या मनात मात्र ७५० वॅटचा एसएमपीएस होता, कारण त्याच्या मनात एक ग्राफिक्स कार्डही होते.

"हे कार्ड हळद मोजणार काय?" अण्णांनी विचारले.

नातू हसला. त्याच्या प्रकल्पाला आणि थोड्या खेळालाही ते लागणार होते. संगणकाच्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे. पेढीच्या व्यवसायासाठी घेतलेल्या वस्तूवर तो जमा करून घेता येतो, घरगुती वापराच्या वस्तूवर नाही. अण्णांनी निर्णय दिला, "कार्ड घ्यायचं तेव्हा घे. पण त्याचं बिल तुझ्या नावावर, पेढीच्या नाही." एकाच बिलात सारे घालून टाकण्याची सोय दुकानदाराने आपणहून देऊ केली होती. ती घेतली गेली नाही.

ते कार्ड पुढे आले तरी जागा हवी, म्हणून तेही मोजले. जीफोर्स आरटीएक्स ४०६० या कार्डाची क्षमता ११५ वॅटची, आणि त्यासाठी निर्माताच ५५० वॅटचा एसएमपीएस सुचवतो. १७० आणि ११५ मिळून २८५. ५५० वॅटमध्ये हे आरामात बसते. ७५० घेतल्याने संगणक वेगवान होत नाही आणि विजेचे बिलही वाढत नाही, कारण संगणक लागेल तेवढीच वीज ओढतो. मात्र फार मोठा एसएमपीएस अगदी हलक्या भारावर चालला की त्याची कार्यक्षमता उतरते. गोदाम मालाच्या मापाचे असावे, हा हिशेब येथेही लागू पडतो.

वॅटचा आकडा वाचण्याची एक रीत व्यापाऱ्याला सहज जमेल. डब्यावर मोठ्या अक्षरांत काय छापले आहे ते सोडून द्यावे आणि लेबलवरच्या तक्त्यात १२ व्होल्टखाली किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहावे. आजचा प्रोसेसर आणि कार्ड जवळजवळ सगळी वीज याच ओळीतून घेतात. अँपिअरला १२ ने गुणले की खरी ताकद कळते. तेथे ४५ अँपिअर असतील तर ५४० वॅट, म्हणजे ५५० चा दावा खरा. पेढीवरच्या जुन्या डब्यावर ४५० छापले होते, आणि तक्त्यात १५ अँपिअर. १५ गुणिले १२ म्हणजे १८०. हे लेबल नऊ वर्षे तेथेच होते.

दुसरी खूण ८० प्लस या प्रमाणपत्राची. २००४ पासून चालत आलेल्या या योजनेत, भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती भाग प्रत्यक्ष संगणकाला पोचतो, हे मोजले जाते. ११५ व्होल्टवरच्या चाचणीत अर्ध्या भाराला ब्राँझसाठी ८५ टक्के आणि गोल्डसाठी ९० टक्के कार्यक्षमता लागते. विक्रेते गोल्ड विकताना वीजबचतीचा दाखला देतात. पेढीचा संगणक सरासरी ५० वॅट घेतो असे धरले, तर ब्राँझला भिंतीतून सुमारे ५९ आणि गोल्डला ५६ वॅट लागतील. दिवसाला दहा तास, वर्षाला तीनशे दिवस, म्हणजे फरक दहाएक युनिटांचा. युनिट बारा रुपयांचे धरले तरी वर्षाला सव्वाशे रुपयेही होत नाहीत. एवढ्यासाठी गोल्ड घेण्याचे कारण नव्हते. पाच वर्षांची वॉरंटी, जपानी बनावटीचे १०५ अंशांचे कपॅसिटर, आणि व्होल्टेज वाढले, जास्त प्रवाह ओढला गेला किंवा शॉर्ट झाला तर आपणहून बंद होण्याची संरक्षणे, या गोष्टी पाहून ब्राँझ प्रतीचा एसएमपीएस घेतला. कॅबिनेटसोबतच्या डब्यापेक्षा तीन-साडेतीन हजार अधिक गेले. हलका एसएमपीएस बिघडताना कधीकधी बोर्ड आणि डिस्कही सोबत नेतो, हे ध्यानात घेतले तर ही रक्कम जड नाही.

जोडणीची भीती बाळगण्याचे कारण नाही. इंटेलने १९९५ मध्ये एटीएक्स ही मापांची पद्धत आणली, त्यामुळे एका कंपनीचा बोर्ड, दुसरीचे कॅबिनेट आणि तिसरीचा एसएमपीएस एकमेकांना बसतात. दोन पथ्ये मात्र कटाक्षाने पाळावीत. ज्या एसएमपीएसच्या तारा सुट्या होतात, त्याच्या तारा दुसऱ्या एसएमपीएसला लावू नयेत. टोक बसते, पण आतल्या तारांचा क्रम वेगळा असू शकतो आणि डिस्क जळते. आणि एसएमपीएसचा डबा घरी कधीही उघडू नये. आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टहून अधिक दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकतो.

यूपीएस घेतानाही आकडा नीट वाचावा. ६०० व्हीए लिहिलेला यूपीएस बहुधा ३६० वॅटचाच असतो. आणि दुकानात अर्थिंग नसेल तर सगळ्यात महाग एसएमपीएसही उघड्यावर ठेवलेल्या मालासारखाच. पेढीवर इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग आधी तपासून घेतले, संगणक नंतर लावला. जुना एसएमपीएस भंगारवाल्याला न देता अधिकृत ई-कचरा संकलकाकडे दिला.

नवे यंत्र सुरू झाले त्या दिवशी सूनबाईंनी हिशेबाची प्रत दर शनिवारी बाहेरच्या डिस्कवर घेण्याचा नियम घातला. जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपाव्या लागतात, आणि कोणतेही यंत्र तेवढ्याची हमी देत नाही. आयकरात संगणकावर ४० टक्के घसारा मिळतो. जीएसटी जमा करून घेतला असेल तर त्या रकमेवर घसारा धरायचा नसतो, म्हणून दोन्ही आकडे वेगळे लिहिले. अण्णांनी डेडस्टॉक रजिस्टर मागवून घेतले आणि स्वतःच्या हाताने प्रत्येक भागाची किंमत, अनुक्रमांक आणि वॉरंटीची तारीख ओळीने लिहिली. पहिली ओळ एसएमपीएसची होती. जबाबदार व्यक्तीच्या रकान्यात त्यांनी सुनेचे नाव घातले.