धावपट्टी पाच किलोमीटरवर

शारजात किंग अब्दुल अझीझ रस्त्यावरून गाडी हाकताना आपण एका जुन्या धावपट्टीवरून चाललो आहोत, हे आपल्यापैकी कित्येकांना ठाऊक नसतं. १९३२ पासून इंपीरियल एअरवेजची विमानं इंग्लंडहून भारताकडे जाताना इथे मुक्काम करीत. प्रवाशांसाठी बांधलेली गढीसारखी इमारत अजून उभी आहे. तिथे आता 'अल महत्ता' संग्रहालय आहे. पाहुण्यांना सूक दाखवून झालं की एक सकाळ मुलाबाळांसह इथेही जरूर जावं.

१९७७ मध्ये विमानतळ शहराबाहेर हलला. त्या नव्या विमानतळाशी मात्र एक वाईट तारीख जोडली गेली आहे, १० फेब्रुवारी २००४. इराणच्या किश बेटाहून येणारं किश एअरचं फोकर ५० विमान धावपट्टीच्या सुमारे पाच किलोमीटर अलीकडे कोसळलं. ४६ पैकी ४३ जण गेले. त्यांत भारतीयही होते. त्या काळी आपली माणसं किशला कशाला जायची, हे आखातातल्या जुन्या मंडळींना सांगायला नको. व्हिसाची मुदत संपली की देशाबाहेर पाऊल टाकायचं, नवा व्हिसा येईपर्यंत बेटावर दिवस काढायचे आणि परतायचं.

मग झालं काय? चौकशी अहवाल सांगतो की कॅप्टनने ऐनवेळी विमान उतरवायचं काम सहवैमानिकावर टाकलं. वेग फार जास्त राहिला. बहुधा तो कमी करण्याच्या नादात पॉवर लिव्हर इतक्या मागे ओढल्या गेल्या, की पंख्यांची पाती जमिनीवर वापरायच्या कोनात वळली. विमान धावपट्टीवर असताना याने वेग झटकन उतरतो; हवेत मात्र विमान ताब्यातच राहत नाही.

इंजिनियर मंडळी लगेच विचारतील, "अहो, पण काही अडसर नव्हता का?" होते ना, दोन होते! पहिला वैमानिकाने हाताने उचलायचा. दुसरा विजेवरचा, चाकं जमिनीवर फिरू लागल्याचा संकेत मिळाला तरच सुटणारा. पण ब्रेकशी जोडलेल्या एका इलेक्ट्रॉनिक डब्यात खोट होती. हवेत चाकं खाली सोडली की तो काही सेकंद खोटाच संकेत देऊ शकत असे. ६ नोव्हेंबर २००२ रोजी लक्झेंबर्गला याच जातीचं विमान अशाच रीतीने पडून २० माणसं गेली होती. डब्यातली सुधारणा तर त्याच्याही आधी सुचवलेली होती, पण सक्तीची नव्हती. शारजाच्या विमानात ती झालेली नव्हती.

आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे अशी चौकशी कुणाला फासावर चढवायला नसते, तर पुन्हा तसं घडू नये म्हणून असते. 'पायलटची चूक' एवढं लिहून फाइल बंद केली असती, तर त्या डब्याकडे कुणाचं लक्षच गेलं नसतं. माणूस चुकणार हे धरूनच तर अडसर बसवायचे असतात. पण दोष ठाऊक होणं आणि तो प्रत्येक विमानातून निघणं, यांत वेळ जातो. लक्झेंबर्ग आणि शारजा यांत पंधरा महिने होते.

आपल्यातले बरेच जण इथे रिफायनरीत, कारखान्यांत, बांधकामांवर आहेत. 'सुधारणा सुचवली आहे, सक्तीची नाही' अशा अर्थाचा कागद कधी ना कधी प्रत्येकाच्या टेबलावर येतो. खर्च आणि काम बंद ठेवायचे दिवस यांचा हिशेब आपण लगेच मांडतो. त्या हिशेबात माणसांचाही एक रकाना असू द्यावा.