पाहुण्याची चूल

गोमंतकातील देवस्थानांच्या जुन्या अग्रशाळांतून ज्यांनी मुक्काम केला आहे, त्यांस तेथील काळवंडलेल्या भिंती आठवत असतील. दूरदूरच्या गावांहून कुलदैवताच्या दर्शनास येणारे महाजन आणि कुळावी शिधा बरोबर आणीत, अग्रशाळेत उतरत आणि आपली चूल आपणच पेटवीत. एका कुटुंबाची चूल म्हणजे काही मोठा उपद्रव नव्हे. परंतु जत्रेच्या दिवसांत अशा चुली ओळीने पेटल्या म्हणजे आवारात धूर कोंडे, आणि तो पाहुण्यांपेक्षा तेथे बारमाही राहणाऱ्या सेवेकऱ्यांच्या डोळ्यांत अधिक जाई. पुढे अनेक देवस्थानांनी भोजनाची सोय केली आणि त्या चुली विझल्या. पाहुण्यास केवळ छप्पर देऊन यजमानाचे कर्तव्य संपत नाही, त्याची चूलही आपल्याकडे घ्यावी लागते, हे आपल्या लोकांनी अशा रीतीने अनुभवातून ओळखले.

नेमका हाच प्रश्न आज आपल्या बंदरांपुढे उभा आहे. विहारासाठी निघालेली प्रवासी बोट, जिला आता सर्रास क्रूझ म्हणतात, ती धक्क्याला लागली म्हणजे तिचा प्रवास थांबतो, पण संसार थांबत नाही. हजार-दोन हजार उतारू, शेकडो खलाशी व नोकर, मोठमोठे भटारखाने, शीतगृहे, वातानुकूलनाची यंत्रे, दिव्यांच्या माळा, असे ते एक तरंगते नगरच असते. मोठ्या बोटीस धक्क्यावर उभे असताना सात-आठ मेगावॉट वीज सहज लागते, आणि ती वीज बोट आपल्या पोटातील जनित्रे चालवून, म्हणजे तेल जाळून, स्वतःच निर्माण करते. सकाळी लागलेली बोट सायंकाळी सुटली असे धरले, तर दहा तासांत सुमारे 80,000 युनिट वीज होते. महिन्याला 200 युनिट वापरणाऱ्या 400 घरांचा हा महिन्याभराचा खर्च. आणि त्यासाठी सोळा-सतरा टन तेल लागते. शिवाय हे तेल साधे नव्हे. जहाजी तेलातील गंधकाची मर्यादा 2020 पासून जगभर 0.5 टक्क्यांवर आणली आहे खरी. परंतु त्याच वर्षापासून आपल्या रस्त्यांवरील डिझेलला जी मर्यादा लागू झाली, तिच्या मानाने ही पाचशे पट आहे.

इंदूरच्या माणसाने समुद्राच्या गोष्टी कशाला कराव्यात, असे कोणी विचारील. आमच्या नगरास समुद्र तर नाहीच. पिण्याचे पाणीसुद्धा आम्ही सुमारे सत्तर किलोमीटरांवरून, नर्मदेहून, वर चढवून आणतो. परंतु आमच्यासारख्या कित्येक कुटुंबांचे घर माळव्यात आणि कुलदैवत गोमंतकात, अशी स्थिती आहे. दर्शनाच्या निमित्ताने तेथे जाणे होते, आणि गेले म्हणजे वास्कोच्या सोयऱ्यांकडे दोन दिवस राहणेही होते. अशाच एका मुक्कामात, मार्गशीर्षातील स्वच्छ सकाळी, मुरगावच्या सड्यावरून आम्ही खाली बंदराकडे पाहत होतो. धक्क्याला एक शुभ्र, अनेक मजली बोट लागलेली होती. बोट तर जागची हलत नव्हती, पण तिच्या धुराड्यातून एक फिकट, तपकिरी रेघ सारखी वर चढत होती आणि वाऱ्याबरोबर वस्तीकडे वळत होती. आमच्याबरोबर असलेल्या वृद्ध आत्याबाई शांतपणे म्हणाल्या, "सोयरो आयला, पूण चूल आपलीच घेवन आयला." या लेखाचे मूळ त्या एका वाक्यात आहे.

कोंकणीत पाहुण्यास सोयरो म्हणतात, आणि मराठीत सोयरा म्हणजे नातलग. या दोन अर्थांत अंतर आहे असे आम्हांस वाटत नाही. दारी आलेल्याशी नाते जडते. आणि नाते म्हटले की देणे-घेणे, मर्यादा आणि जबाबदारी ही दोन्ही बाजूंस आलीच. वास्कोच्या लोकांनी बंदराचा उपसर्ग पुष्कळ सोसला आहे. कोळशाच्या हाताळणीविरुद्ध 2017 सालच्या जनसुनावण्यांत त्यांनी आपले गाऱ्हाणे मोठ्या संख्येने मांडले होते. ज्या गावात श्री दामोदराचा भजनी सप्ताह दरवर्षी रात्रंदिवस अखंड चालतो, त्या गावच्या लोकांना श्वासाची किंमत निराळी सांगावी लागत नाही.

पाहुण्याची चूल विझविण्याचा उपाय जगाने शोधलेला आहे. धक्क्यावरून जाड केबल बोटीस जोडावयाची, बोटीवरील जनित्रांचा ताल किनाऱ्यावरील विजेशी जुळवावयाचा, सारा भार हळूहळू किनाऱ्यावर घ्यावयाचा आणि मग जनित्रे बंद करावयाची, असा हा क्रम असतो. यास शोअर पॉवर किंवा किनारावीज म्हणतात. प्रवासी क्रूझ बोटींना अशी वीज देण्याचा आरंभ 2001 साली अलास्कातील जुनो या लहानशा नगरात झाला. त्या नगरापाशी धबधब्यांपासून मिळणारी वीज शिलकीत होती, ती त्यांनी पाहुण्यांना दिली. जोडणीचे आंतरराष्ट्रीय मानक 2012 साली ठरले. कॅलिफोर्नियाने 2014 पासून तेथे नियमित येणाऱ्या बोटींवर या बाबतीत बंधन घातले. युरोपातील प्रमुख बंदरांत 2030 पासून उतारूंच्या व कंटेनरांच्या मोठ्या जहाजांना ही वीज घेणे भाग पडणार आहे.

आपल्याकडेही पावले पडू लागली आहेत. मे 2023 मध्ये केंद्र सरकारने बंदरांसाठी 'हरित सागर' नावाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत जहाजांना टप्प्याटप्प्याने किनाऱ्यावरची वीज द्यावी असे सांगितले असून, मालाच्या दर टनामागील कार्बन 2030 पर्यंत 30 टक्क्यांनी आणि 2047 पर्यंत 70 टक्क्यांनी घटवावा असे उद्दिष्ट ठेवले आहे. मुरगाव बंदराने त्याच वर्षी 'हरित श्रेय' ही योजना काढून, स्वच्छतेच्या कसोटीवर अधिक गुण मिळविणाऱ्या जहाजांना बंदरशुल्कात सवलत देऊ केली. मुंबईच्या नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन सप्टेंबर 2025 मध्ये झाले. पाहुणे वाढणार हे उघड आहे. तेव्हा त्यांच्या चुलीचा विचार पुढे ढकलण्याजोगा राहिलेला नाही.

या उपायाचा प्रत्यक्ष लाभ काय, हे समजण्यासाठी आम्हां इंदूरकरांस अलास्कापर्यंत जाण्याचे कारण नाही. 2000 सालानंतरची ती तीन-चार वर्षे आठवावीत. प्रांतात विजेची भयंकर टंचाई होती. राजवाड्याच्या आसपासच्या बाजारांत वीज गेली की दुकानादुकानापुढे पदपथावर जनरेटर सुरू होत. दुकानात दिवा लागे, गिऱ्हाइकास कापडाचा रंग दिसे. पण बाहेरून जाणाऱ्याच्या नाकातोंडात धूर जाई आणि शेजाऱ्याशी बोलावयाचे तर ओरडावे लागे. पुढे वीज नियमित झाली आणि ती यंत्रे एकेक करून मुकी झाली. बाजार तोच, दुकाने तीच. परंतु रस्त्याने जाणाऱ्यास प्रथमच दुसऱ्याचे बोलणे ऐकू येऊ लागले. धक्क्यावर किनारावीज आली म्हणजे वास्कोकरांस हेच सुख लाभेल. पाणी तापविणारे बॉयलर काही बोटींत तेव्हाही चालू राहतात. परंतु धुराचा मोठा वाटा थांबतो आणि जनित्रांची घरघरही.

येथवर सारे गोडच आहे. परंतु यजमानाने पाहुण्याची चूल विझविली, तर त्याचे अन्न शिजते कोठे, हा प्रश्न उरतोच. अग्रशाळेतील चुली बंद झाल्या तेव्हा देवस्थानाच्या स्वयंपाकघरातील चूल मोठी झाली. किनाऱ्यावरच्या विजेची चूल कोठे आहे?

गोव्यात मोठे वीजकेंद्र नाही. त्या राज्याची बहुतांश वीज बाहेरून येते. ज्या केंद्रांतून गोव्यास वाटा मिळतो, त्यांत विंध्याचल औष्णिक केंद्र हे एक. त्याची क्षमता 4,760 मेगावॉट. देशातील सर्वांत मोठे औष्णिक केंद्र ते हेच. आणि ते आमच्याच मध्य प्रदेशाच्या पूर्व टोकास, सिंगरौली जिल्ह्यात आहे. भोवताली कोळशाच्या खाणी, राखेचे तलाव आणि एकामागून एक वीजकेंद्रे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2009 साली देशातील अतिप्रदूषित क्षेत्रांची जी यादी केली, तीत सिंगरौलीचे नाव होते. म्हणजे मुरगावच्या धक्क्यावर विझलेली चूल काही अंशी आमच्या प्रांतातच पेटते. समुद्राच्या गोष्टीशी इंदूरकरांचा संबंध काय, या प्रश्नाचे आमचे दुसरे उत्तर हे.

थोडा हिशेब मांडून पाहू. बोटीने 80,000 युनिटांसाठी सतरा टन तेल जाळले, तर सुमारे 53 टन कार्बन वायू हवेत जातो. तितकीच वीज देशाच्या सामाईक जाळ्यातून घेतली, तर युनिटामागे साधारण 0.7 किलो धरता तो आकडा 56 टनांच्या आसपास येतो. पृथ्वीच्या तापमानाच्या दृष्टीने पाहिले तर आज यात कमाई काहीच नाही. कमाई आहे ती वास्कोच्या फुप्फुसांची. ती लहान नव्हे; दाट वस्तीच्या नाकापाशी सुटणारा धूर आणि उंच चिमणीतून दूर सुटणारा धूर यांत फरक आहेच. तथापि एकाच्या अंगणातील धूर दुसऱ्याच्या अंगणात नेणे यास आपण पुण्य म्हणू लागलो, तर ती आत्मवंचना होईल.

या ठिकाणी आम्हांस पुण्यश्लोक अहिल्याबाईंची आठवण येते, आणि ती केवळ इंदूरचा अभिमान म्हणून नव्हे. आपल्या राज्याच्या सीमेबाहेर, काशीपासून सोमनाथापर्यंत, त्यांनी मंदिरे, घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या हे सर्वश्रुत आहे. परंतु हा दानधर्म त्यांनी मुख्यतः खासगीच्या उत्पन्नातून केला, ही गोष्ट तितकी सांगितली जात नाही. वाटसरूस सावली द्यावयाची ती आपल्या खर्चाने. त्यासाठी तिसऱ्याच्या अंगणातील झाड तोडावयाचे नाही, हा त्यांच्या दानाचा खरा मर्म आहे. बंदराचे आतिथ्य याच कसोटीस लागले पाहिजे.

आणि ती कसोटी उतरणे अशक्य नाही. मुंबई-गोव्याकडील क्रूझचा हंगाम पावसाळ्यानंतर सुरू होऊन उन्हाळ्यापर्यंत चालतो. बोटी बहुधा सकाळी लागतात आणि सायंकाळी सुटतात. म्हणजे आकाश निरभ्र असते आणि सूर्य डोक्यावर असतो, नेमक्या त्याच वेळी पाहुणा दारात असतो. सूर्याच्या विजेला याहून सोयीचे गिऱ्हाईक कोणते? आमच्याच प्रांतातील रीवा येथे 750 मेगावॉटचा सौर प्रकल्प 2020 साली राष्ट्रास अर्पण झाला, आणि त्याच्या विजेचा काही भाग दिल्लीची मेट्रो विकत घेते. रीव्याच्या उन्हाने दिल्लीची गाडी धावते, तर त्याच उन्हाने मुरगावची बोट का उजळू नये? इंदूर महापालिकेने नर्मदेचे पाणी चढविण्याच्या विजेचा बोजा हलका व्हावा म्हणून फेब्रुवारी 2023 मध्ये 244 कोटी रुपयांचे हरित रोखे काढून, जलूद येथील 60 मेगावॉटच्या सौर प्रकल्पासाठी लोकांपुढे हात पसरला, आणि लोकांनी तो भरला. दुरून पाणी आणणाऱ्या नगरास जे सुचले, ते दुरून पाहुणे बोलावणाऱ्या बंदरास सुचण्याजोगे आहे.

अडचणी आहेत, त्या झाकण्यात अर्थ नाही. आपली वीज 50 हर्ट्झची आणि बहुतेक मोठ्या क्रूझ बोटींची 60 हर्ट्झची. हा ताल बदलणारी यंत्रे महाग असतात. बोटीवरही जोडणीची सामग्री बसवावी लागते. वर्षातून मोजक्याच बोटी आल्या तर धक्क्यावरील सारा खटाटोप पडून राहतो. म्हणून आमची अल्प सूचना अशी की, मुंबई आणि मुरगाव या दोन्ही बंदरांनी हे काम एकत्र हाती घ्यावे. या दोहोंमध्ये वारंवार फेऱ्या करणाऱ्या बोटींना दोन्ही टोकांस वीज मिळाली, तर खर्च लवकर फिटेल. आणि बंदरशुल्कातील सवलत अशा बोटींना अधिक दिली, तर पाहुणाही आपणहून चूल विझवील. सौर विजेचा करार मात्र केबलच्या आधी व्हावा, मागाहून नव्हे.

आत्याबाईंच्या वाक्यात आम्ही एवढीच भर घालू इच्छितो: सोयरो जसा बोटीवरचा, तसा सड्यावरच्या घरातलाही, आणि सिंगरौलीच्या राखेच्या तलावाकाठी राहणाराही. त्या तिसऱ्याने आपली बोट पाहिलेली नाही आणि पाहणारही नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी न आणता पाहुण्याचे ताट वाढता आले, तरच यजमानाने देवापुढे निर्मळ मनाने हात जोडावेत.