लपवण्यासारखं काही नाही, असं मी म्हणायचे

‘आपल्याकडे लपवण्यासारखं आहे तरी काय?’ हे वाक्य मी वर्षानुवर्षं सहज बोलत आले. कोणी लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली, की मला त्या माणसाचाच संशय यायचा. खासगीपणाची काळजी पुण्या-मुंबईच्या इंजिनिअरांनी करावी, नाहीतर ज्यांना काही दडवायचं आहे त्यांनी. धुळ्याच्या कोर्टात कौटुंबिक वाद चालवणाऱ्या माझ्यासारख्या वकिलाचा तिच्याशी काय संबंध? लॅपटॉप घेताना मी किंमत, वजन आणि बॅटरी एवढंच विचारायचे.

या मताचं मूळ शोधायला गेले तेव्हा ते मला माझ्या माहेरी, जळगावात सापडलं. सापडल्यावर बरं वाटलं नाही. १९९४ साली जळगावचं वासनाकांड उघडकीस आलं तेव्हा मी शाळेत होते. मुलींना फसवायचं, त्यांचे फोटो काढायचे आणि त्या फोटोंच्या धाकावर त्यांचं शोषण करायचं, असं ते चाललेलं होतं. पुढे मोठा तपास झाला, खटले चालले, पण तक्रार द्यायला फार थोड्या जणी धजावल्या. कारण गावाने पहिला प्रश्न मुलींनाच विचारला होता: ती तिथे गेलीच कशाला? जळगावची मुलगी म्हटलं की सोयरीक जुळवताना बाहेरगावची माणसं बिचकायची. आमच्या घरातही तेच बोललं जायचं, आणि त्यातून मी एक धडा घेतला: नीट वागणाऱ्या मुलीला कशाची भीती नसते. पुढे कायदा शिकले, स्त्रियांचीच प्रकरणं चालवू लागले, तरी हा धडा कधी तपासून पाहिला नाही. ‘लपवण्यासारखं काही नाही’ हे त्याच धड्याचं मोठेपणीचं रूप होतं. खासगीपणा म्हणजे काहीतरी लाजिरवाणं, असं मी मनात धरून बसले होते.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितलं, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. तो खटला उभा राहिला आधारवरून, आणि देशातलं पहिलं आधार दिलं गेलं ते आमच्या खानदेशात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात, २९ सप्टेंबर २०१० रोजी. हे सगळं मला पाठ होतं. युक्तिवादात मी तो निकाल वापरलाही. फक्त माझ्या टेबलावरच्या मशीनशी त्याचा काही संबंध आहे, हे मनात आलं नाही.

मग घरगुती हिंसाचाराच्या प्रकरणात एक पक्षकार बाई आली. तिने आपला फोन माझ्या हातात दिला. पाठीवरच्या वळांचे फोटो, नवऱ्याचे मेसेज, दवाखान्याचे कागद. मी सगळं लॅपटॉपवर उतरवून घेतलं. ती बघत होती. मग अहिराणीत हळूच म्हणाली, ‘‘ताई, हाई आखो कोन्ही देखाव नही ना?’’ मी म्हटलं, ‘‘पासवर्ड आहे त्याला.’’ तिचा विश्वास बसला. माझाही होताच.

पुढे तो लॅपटॉप बंद पडला. सुरूच होईना. सगळी प्रकरणं त्यात होती, म्हणून तो घेऊन मी जळगावला भाच्याकडे गेले. त्याने खालचे स्क्रू काढले, आतली डिस्क बाहेर काढली, एका छोट्या डबीत बसवली आणि वायर आपल्या संगणकाला जोडली. ‘‘मावशी, बघ, सगळं शाबूत आहे.’’ माझा जीव भांड्यात पडला. मग लक्षात आलं, की पासवर्ड कोणी विचारलाच नाही. मी तसं म्हटलं, तर तो सहज म्हणाला, ‘‘तो विंडोज उघडायचा होता. डिस्कला कुठे काय होतं?’’ बोलता बोलता त्याने एक फोल्डर उघडला आणि पडद्यावर त्या बाईच्या पाठीचे फोटो ओळीने उमटले. त्याने चटकन मान वळवली आणि तो खोलीबाहेर निघून गेला.

मी त्या फोटोंसमोर एकटी बसले होते. मुलगा भला होता म्हणून त्याने मान वळवली. माझ्या पक्षकाराची अब्रू इतका वेळ फक्त समोरच्याच्या भलेपणावर टिकून होती. त्याआधी हाच लॅपटॉप मी दुरुस्तीला दिला होता, तेही पासवर्डची चिठ्ठी वर चिकटवून. तिथल्या कोणी मान वळवली असेल का, हे मला कधीच कळणार नाही.

जळगावच्या त्या मुली मला तिथे बसल्या बसल्या आठवल्या. त्यांनी लपवण्यासारखं काही केलं नव्हतं. माझ्या समोरच्या फोटोतल्या बाईनेही नाही. प्रश्न तिच्या वागण्याचा कधीच नव्हता. फोटो कोणाच्या हातात आहे आणि तो माणूस तो कसा सांभाळतो, एवढाच प्रश्न होता. तेव्हा फोटो गुन्हेगारांच्या हातात होते, आता ते माझ्या हातात होते आणि मी ते उघड्यावर ठेवले होते. पक्षकाराने विश्वासाने सांगितलेलं वकिलाने बाहेर जाऊ द्यायचं नाही, हे १८७२ च्या पुरावा कायद्यातलं कलम १२६ मी विद्यार्थिदशेपासून जाणत होते. ते पाळायला तोंड बंद ठेवलं की झालं, असं मी समजत होते.

नवा लॅपटॉप घ्यायला जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये गेले तेव्हा माझे प्रश्न बदलले होते. पूर्ण डिस्क एन्क्रिप्ट होईल का? म्हणजे डिस्क काढून दुसरीकडे जोडली तरी ती किल्लीशिवाय वाचता येता कामा नये. विंडोजच्या होम आवृत्तीत बिटलॉकर या एन्क्रिप्शनच्या सोयीचं पूर्ण नियंत्रण आपल्याकडे नसतं. अनेक मशीनांवर एन्क्रिप्शन आपोआप सुरू होतं, पण त्याची रिकव्हरी की, म्हणजे डिस्क उघडायची किल्ली, मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जाऊन बसते. प्रो आवृत्तीत ती कुठे ठेवायची हे आपण ठरवू शकतो. दुरुस्तीला देण्याआधी डिस्क स्वतः काढून घेता येईल का? कॅमेऱ्याला सरकती झडप आहे का?

शेवटी मी विंडोज नसलेला, डॉसवाला लॅपटॉप घेतला आणि त्यावर उबुंटू ही लिनक्स प्रणाली टाकून घेतली. २०१५ साली लेनोवोच्या काही लॅपटॉपमध्ये कारखान्यातूनच ‘सुपरफिश’ नावाचं जाहिरातींचं सॉफ्टवेअर भरलेलं निघालं होतं, आणि त्यामुळे बँकेशी चालणारी सुरक्षित देवाणघेवाणही उघडी पडू शकत होती. हे वाचल्यावर कोरं मशीन घ्यावं असं वाटलं. लिनक्स आपल्याला झेपणार नाही ही भीतीही होती. पण ई-कोर्ट्स प्रकल्पात न्यायालयांनी उबुंटूच स्वीकारलं आहे. ज्या कोर्टात मी रोज उभी राहते, तिथे ते कधीच येऊन पोचलं होतं. बसवतानाच एन्क्रिप्शनचा पर्याय येतो. मोठं सांकेतिक वाक्य निवडायचं, आणि ते विसरलं तर कोणीही डिस्क उघडू शकत नाही हे लक्षात ठेवायचं. म्हणून ते वाक्य मी कागदावर लिहून बँकेच्या लॉकरमध्ये ठेवलं आहे, आणि प्रकरणांची दुसरी प्रत वेगळ्या एन्क्रिप्टेड डिस्कवर असते.

एवढ्याने सगळं संपत नाही. मशीन सुरू असताना एन्क्रिप्शन उपयोगाचं नसतं. भीमा-कोरेगाव प्रकरणात बचाव पक्षाच्या वतीने तपासणी करणाऱ्या आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकी संस्थेने २०२१ मध्ये अहवाल दिला, की आरोपी रोना विल्सन यांच्या लॅपटॉपमध्ये नेटवायर हा घातक प्रोग्राम घुसवून बाहेरून कागदपत्रं ठेवली गेली. त्याच प्रकरणातले दुसरे आरोपी, नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग यांच्या संगणकाबद्दलही तिने तसाच निष्कर्ष काढला. तपास यंत्रणेला हे मान्य नाही. निकाल काहीही लागो, अनोळखी ईमेलमधली फाइल मी आता उघडत नाही, आणि घरचं कोणी या लॅपटॉपला हात लावत नाही.

मला स्वतःला लपवण्यासारखं आजही फारसं काही नसेल. पण या लॅपटॉपमध्ये मी फारशी नाहीच. त्यात इतर बायकांची आयुष्यं आहेत. आता कोणी विचारलं, की हे कोणी बघणार नाही ना, तर मी नुसतं ‘पासवर्ड आहे’ म्हणून मोकळी होत नाही. काय कुठे ठेवलं आहे, प्रकरण संपल्यावर काय पुसलं जाईल आणि कशाची खात्री मी देऊ शकत नाही, हे सांगते. बार रूममधल्या सहकाऱ्यांनाही माझं हेच म्हणणं आहे: वकीलपत्रावर सही घेण्याआधी आपल्या डिस्कला एन्क्रिप्शन आहे का ते बघा. नसेल तर आज संध्याकाळीच करून घ्या.