योकोहामातली पाणपोई

जपानच्या योकोहामा बंदरात समुद्राला लागून यामाशिता नावाची बाग आहे. गुलाबांचे ताटवे, समोर बोटी. पण ही बाग उभी आहे ती ढिगाऱ्यावर! १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपात शहर कोसळले, जळाले. तो राडारोडा टाकून समुद्रात भर घातली आणि १९३० साली बाग खुली झाली.

तिथे घुमटाची एक छत्री दिसते. आपल्याकडच्या एखाद्या संस्थानी तलावाकाठची वाटावी. ही पाणपोई तिथल्या भारतीय व्यापाऱ्यांनी बांधून शहराला दिली. रेशमाच्या व्यापारासाठी आलेली ही मंडळी. भूकंपात त्यांचीही माणसे गेली. वाचलेल्यांपैकी बरेच जण कोबेला निघून गेले. तेव्हा योकोहामाने त्यांना घरे-दुकाने बांधून देऊन परत बोलावले. रेशमाचा धंदा शहराला हवा होता, हेही खरे. पण उपकार तो उपकारच.

मुंबई आणि योकोहामा १९६५ साली भगिनी-शहरे झाली. त्या नात्याचे करारमदार कचेऱ्यांत असतील. मुंबईकर पाहुण्याने मात्र आधी या घुमटाखाली जावे, मान वर करून छताची रंगीत नक्षी पाहावी. दरवर्षी १ सप्टेंबरला भूकंपात गेलेल्यांची आठवण इथेच काढली जाते.