अपत्यसंगोपनाचा हिशेब : पैसा, वेळ आणि समाधान

अपत्याच्या संगोपनावर होणाऱ्या खर्चाचा विचार करताना अर्थशास्त्र दोन प्रकारचे खर्च वेगळे धरते. दूध, औषधे, कपडे, पाळणाघर, शाळा, शिकवणी यांसाठी रोख मोजावा लागणारा पैसा हा प्रत्यक्ष खर्च होय. आणि मुलाकडे लक्ष देण्यासाठी जी नोकरी, जी बढती किंवा जो विसावा सोडून द्यावा लागतो त्याचे मोल म्हणजे संधी खर्च होय. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९६० मध्ये जननदराची आर्थिक मीमांसा करताना असे दाखवले, की उत्पन्न वाढले म्हणून कुटुंबे मुलांची संख्या वाढवतातच असे नाही, तर पुष्कळदा मुले मोजकीच ठेवून प्रत्येक मुलावर अधिक खर्च करणे पसंत करतात. महाराष्ट्रात हा कल स्पष्ट दिसतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) राज्याचा एकूण जननदर, म्हणजे एका स्त्रीला तिच्या आयुष्यात सरासरी किती मुले होतील याचा अंदाज, १.७ इतका होता आणि लोकसंख्या स्थिर राहण्यासाठी लागणाऱ्या २.१ या पातळीच्या तो बराच खाली होता.

ही आकडेवारी सामाजिक बदलाची दिशा सांगते, परंतु तो बदल एखाद्या घरात कसा जगला जातो हे समजण्यासाठी घराच्या आत डोकावावे लागते. येथे मांडलेला अनुभव डोंबिवलीतील एका दोन पगारी कुटुंबाचा, म्हणजे प्रस्तुत लेखिकेच्याच घराचा आहे. या घरातील एकुलती एक कन्या २००८ मध्ये जन्मली, तेव्हा तिची आई, म्हणजे लेखिका, एका बँकेत लिपिक होती, वडील खाजगी कंपनीत नोकरीला होते आणि नातीला सांभाळण्यासाठी आजी चिपळूणचे घर बंद करून डोंबिवलीच्या दोन खोल्यांत राहायला आल्या होत्या. घरखर्चाची वही ठेवण्याची सवय या कुटुंबात आधीपासून असल्यामुळे पहिल्या लशीपासून बारावीच्या परीक्षेपर्यंतचा रोख खर्च कोणत्या बाबींवर झाला, हे बऱ्याच अंशी तपासता येते.

त्या वहीत दरवर्षी जून महिन्याचे पान सर्वांत गजबजलेले आहे. गणवेशाचे दोन जोड, पी.टी.चे पांढरे बूट, रेनकोट, वह्या आणि त्यांना घालायची खाकी कव्हरे, नवे दप्तर, रिक्षाकाकांना द्यायचे आगाऊ पैसे, पाळणाघराची फी आणि शाळेची सहल ठरलीच तर तिची वर्गणी अशा नोंदी एकाखाली एक येतात, आणि त्याच पानाच्या तळाशी चिपळूणच्या बंद घराची कौले शाकारून घेतल्याची नोंदही सापडते. ही शेवटची नोंद वरवर पाहता मुलीच्या खर्चात मोडत नाही. तथापि आजी त्या घरात असत्या तर सुटलेले कौल वेळीच दिसले असते आणि दुरुस्ती एवढी वाढली नसती, हे लक्षात घेतले म्हणजे मुलाच्या संगोपनाचा खर्च किती दूरवर पसरतो याची कल्पना येते.

खर्चाच्या या चित्रात शासनाचा वाटाही नोंदवला पाहिजे. सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमातील लशी सरकारी केंद्रांत विनामूल्य मिळतात. कन्येचे शिक्षण अनुदानित मराठी शाळेत झाल्यामुळे, म्हणजे जेथे शिक्षकांच्या वेतनाचा भार प्रामुख्याने शासन उचलते अशा शाळेत झाल्यामुळे, दहावीपर्यंतची फी कुटुंबाला कधी जड गेली नाही. या निवडीबद्दल नातेवाइकांनी आणि शेजाऱ्यांनी पुष्कळ शंका घेतल्या, कारण त्यांच्या मुलांची नावे मोठी फी असलेल्या इंग्रजी शाळांत होती. परंतु खर्च टळला असे मात्र म्हणता येत नाही, तो पुढे सरकला एवढेच. अकरावी-बारावीला विज्ञान शाखा घेतल्यानंतर क्लासची फी, सराव परीक्षा आणि प्रवेश परीक्षांचे अर्ज यांनी आधीच्या दहा वर्षांत वाचलेला पैसा दोन वर्षांत संपवला, आणि महाविद्यालयात नावापुरती हजेरी लावून सारे शिकणे क्लासवर सोपवण्याची रीत किती सर्वमान्य झाली आहे याचाही अनुभव कुटुंबाला आला.

प्रत्यक्ष खर्च वहीत सापडतो, संधी खर्च सापडत नाही. लिपिकाला अधिकारी पदावर बढती मिळाली की बहुधा दुसऱ्या गावी बदली स्वीकारावी लागते. मुलगी लहान असल्यामुळे लेखिकेने बढतीच्या परीक्षेचा अर्ज भरणे टाळले, आणि ती शाळेत रुळल्यावर तिची शाळा सुटू नये म्हणून पुढेही टाळत राहिली. बँकेच्या त्याच शाखेत लेखिकेबरोबर नोकरीला लागलेले पुरुष सहकारी दरम्यान व्यवस्थापक झाले. पगारातील असा फरक त्या त्या महिन्यापुरता राहत नाही. भविष्य निर्वाह निधी आणि निवृत्तीच्या वेळी मिळणारी रक्कम ही मूळ वेतनाशी बांधलेली असल्यामुळे तो वर्षानुवर्षे साचत जातो आणि म्हातारपणापर्यंत पोहोचतो. आजींच्या बाबतीत हा खर्च पैशांत सांगण्याची सोयच नाही. चिपळूणमधील त्यांचे भजनी मंडळ सुटले, शेजारपाजार सुटला, आणि ज्या वयात दुपारी दोन घटका पाठ टेकावी त्या वयात त्या पाळणाघरातून नातीला आणण्यासाठी जिने चढत-उतरत राहिल्या.

ही एका घराची विशेष कहाणी नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये केलेल्या वेळ-वापर सर्वेक्षणात, म्हणजे माणसे दिवसाचे चोवीस तास कशात घालवतात याच्या पाहणीत, असे आढळले की घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात, तर घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटे. आणि घरातील मुलांची व इतरांची काळजी घेण्यात स्त्रियांची १३४, तर पुरुषांची ७६ मिनिटे जातात. या मिनिटांना मोबदला नसल्यामुळे ती राष्ट्रीय उत्पन्नात धरली जात नाहीत, आणि घरातही ती प्रेमाच्या खात्यावर टाकून विसरली जातात.

येथवरचा हिशेब पाहता, इतके सोसून पालकांच्या पदरी काय पडते, असा प्रश्न उभा राहतो आणि त्याचे उत्तर प्रामाणिकपणे द्यायला हवे. मानसशास्त्रज्ञ डॅनिएल काहनेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये टेक्सासमधील ९०९ नोकरदार स्त्रियांना आदल्या दिवसातील एकेका कामाच्या वेळी कसे वाटले हे विचारले, तेव्हा मुलांना सांभाळण्याचा क्रम आनंदाच्या यादीत बराच खाली लागला. ज्यांनी तापाने फणफणलेल्या मुलाच्या उशाशी रात्र काढून सकाळची लोकल गाठली आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. मात्र क्षणाक्षणाला वाटणारी भावना आणि आयुष्याला आलेला अर्थ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि संगोपनाचे फलित प्रामुख्याने दुसऱ्या गोष्टीत मोडते.

या फलिताची दोन उदाहरणे जवळून पाहण्यासारखी आहेत. अक्षरे नुकतीच जुळू लागली होती त्या दिवसांत, रविवारी ठाण्याला मावशीकडे जाताना कन्या धीम्या लोकलच्या खिडकीशी उभी राहून कोपर, दिवा, कळवा ही स्थानकांची नावे मोठ्याने वाचत असे. मुंब्रा मात्र जोडाक्षरापाशी अडे आणि ते सुटण्याआधीच गाडी सुटे. एकदा परतीच्या वाटेवर गाडी पुरती थांबण्यापूर्वीच तिने ते नाव अखंड वाचले, तेव्हा डब्यातील अनोळखी बायकांनीही तिला शाबासकी दिली, आणि त्या मार्गाने कित्येक वर्षे नोकरीला ये-जा करणाऱ्या तिच्या आईने ती पाटी त्या दिवशी प्रथमच नीट पाहिली. दुसरे उदाहरण मुलगी नववीत असतानाचे आहे. आजींच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर डोळ्यांत थेंब घालण्याच्या वेळा तिने आपणहून भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहून काढल्या, प्रत्येक वेळ पाळली आणि आजींना रोज वर्तमानपत्र वाचून दाखवले, मृत्युलेखांसकट, कारण आजींना ते हवे असत. हे तिला कोणी मुद्दाम शिकवले नव्हते. आजींच्या हाताखाली वाढताना तिने ते पाहिले होते.

या दोन्ही प्रसंगांसाठी वेगळा पैसा लागला नव्हता, आणि यातूनच एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट होते, की पालकांना मिळणारे समाधान खर्चाच्या प्रमाणात येत नाही. वहीतील सर्वांत मोठ्या रकमा क्लासच्या आणि हॉलमध्ये केलेल्या पहिल्या वाढदिवसाच्या आहेत, परंतु घरात पुन्हा पुन्हा आठवले जाते ते खिडकीशी केलेले वाचन. वेळ मात्र या समाधानाला लागतोच, आणि म्हणूनच जो पालक वेळ देत नाही तो खर्चातून जसा सुटतो तसाच समाधानालाही मुकतो. कन्येचे वडील तिच्या शाळेच्या पहिल्या वर्षांत उशिरा घरी येत. पुढे कामाची पाळी बदलून घेऊन त्यांनी संध्याकाळचा अभ्यास आपल्याकडे घेतला, तेव्हापासून बाप-लेकीचे जे मैत्र जुळले ते आजही टिकून आहे.

खर्च आणि समाधान यांची वजाबाकी करून शिल्लक काढण्याचा मोह मात्र टाळला पाहिजे. लोकसंख्याशास्त्रज्ञ जॉन कॉल्डवेल यांनी १९७६ मध्ये अशी मांडणी केली, की जुन्या कृषिप्रधान समाजात संपत्तीचा ओघ मुलांकडून आईवडिलांकडे वाहतो आणि तो उलटा फिरला की जननदर घटू लागतो. मुलाला म्हातारपणाची काठी मानण्याची आपली समजूत त्या पहिल्या व्यवस्थेतील आहे. आता ओघ बदलला आहे हे पालकांनी मनापासून स्वीकारले नाही, तर शिक्षणासाठी केलेला खर्च मुलांच्या डोक्यावर कर्जासारखा बसतो. या कुटुंबाने २०१५ मध्ये, सुकन्या समृद्धी योजना सुरू झाली त्याच वर्षी, पोस्टात मुलीचे खाते उघडले, तेव्हा ते पैसे तिचे आहेत आणि ते लग्नाला की शिक्षणाला वापरायचे हे तीच ठरवेल, असे घरात स्पष्टपणे ठरवले होते.

मुलावर झालेल्या खर्चाचे देणे कोणाकडे असेलच, तर ते समाजाकडे आहे. अर्थशास्त्रज्ञ नॅन्सी फोल्बर यांनी मुलांना सार्वजनिक हिताची वस्तू म्हटले, याचा अर्थ असा की मुले वाढवण्याचा भार पालकांवर पडतो, परंतु ती मोठी होऊन कर भरतात, रुग्णांची सेवा करतात, शेती आणि कारखाने चालवतात, तेव्हा ज्यांनी तो भार उचलला नाही त्यांनाही लाभ होतो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर बालवाडी नेली, आणि १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने अंगणवाडी गावोगावी पोहोचवली, यामागे लहान मुलांचा सांभाळ ही सर्वांची जबाबदारी असल्याचीच जाणीव होती. प्रसूती लाभ कायद्यात २०१७ मध्ये झालेल्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी भरपगारी रजा २६ आठवड्यांची केली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली. परंतु पितृत्व रजेचा भार खाजगी क्षेत्रावर या कायद्याने टाकला नाही, त्यामुळे संगोपन हे आईचेच काम ही समजूत कायद्यातही टिकून राहिली.

तेव्हा पालकांना सांगण्यासारखे एवढेच, की हिशेब अवश्य ठेवावा आणि त्यात पैशांबरोबर वेळेचाही रकाना आखावा, म्हणजे कोणाचा वेळ जातो आहे हे घरातल्या पुरुषांना दिसेल आणि तो वाटून घेता येईल. कामाच्या जागी पाळणाघर आणि वडिलांना रजा यांची मागणी संघटितपणे करावी. परंतु तो हिशेब मुलापुढे कधीही ठेवू नये, कारण जन्माला घालण्याचा निर्णय मुलाचा नसतो आणि त्याची किंमत त्याच्याकडून वसूल करण्याचा अधिकार कोणालाही नाही.