दोन पिनांची वायर

शुक्रवारी चोरबाजारात मटण स्ट्रीटची दुकानं बंद असतात आणि रस्त्यावर पहाटेपासून जुम्मा बाजार भरतो. तिथं, तुटक्या मिक्सरांच्या आणि बिनकाचेच्या घड्याळांच्या ढिगात, मला एक काळी पेटी दिसली. फेंडर कंपनीचा ‘चॅम्प’. गिटारचा लहानसा ॲम्प, आठ इंची स्पीकर, आत तीन व्हॉल्व्ह.

“चालू है क्या?”

“लगाया था साब. फक् करके बंद हो गया.”

होणारच. हा ॲम्प अमेरिकेच्या ११७ व्होल्टसाठी बनलेला, आणि आपल्याकडे भिंतीतून येतात २३०. प्रश्न एवढाच होता की त्या ‘फक्’मध्ये गेलं काय? फ्यूज की ट्रान्सफॉर्मर? मी मागची फ्यूजची टोपी फिरवली. आपल्याकडे उडालेल्या फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळायची रीत आहे. तसं कुणी केलं असतं तर ट्रान्सफॉर्मर जळून गेला असता. पण आत काचेचाच फ्यूज होता, धुरानं काळा पडलेला. मी घासाघीस करून पेटी टॅक्सीत घातली.

खरं सांगतो, घेताना डोक्यात हिशेब होता. नीट करून विकला तर चार पैसे सुटतील. दरम्यान मुलगी त्यावर वाजवेल. ती दोन वर्षं गिटार शिकतेय.

घरी अब्बा होते. साताऱ्यात त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. व्हॉल्व्ह गेले, ट्रान्झिस्टर आले, मग तेही कुणी दुरुस्तीला आणेना. दुकान बंद झालं आणि ते आमच्याकडे राहायला आले. त्यांचा हात आता थरथरतो. पेटी पाहिल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “पाना दे.”

चॅसिस बाहेर काढताना त्यांनी मला पहिला नियम सांगितला : एक हात खिशात. व्हॉल्व्हच्या सेटमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट खेळतात, आणि वायर काढली तरी कंडेन्सरमध्ये काही वेळ दबा धरून बसतात. दोन्ही हात आत घातले तर करंट छातीतून जातो. आधी रेझिस्टर लावून कंडेन्सर रिकामे केले. ट्रान्सफॉर्मरवर ६०६ हा कारखान्याचा आकडा होता, त्यापुढे ५. समोरची काळी पट्टी आणि तो ५ यांचा मेळ घालून साल निघालं : १९६५.

मोठे कंडेन्सर आतून सुकले होते, ते बदलले. फाटलेल्या स्पीकरला पातळ कागद आणि पाणी घातलेला गोंद. ट्रान्सफॉर्मर, स्पीकर, बटणं सगळं जुनंच ठेवलं. सोल्डर मी करायचो, अब्बा चष्मा कपाळावर चढवून बोट दाखवायचे.

भांडण झालं ते वायरवरून. मूळ वायर दोन पिनांची, अर्थिंग नसलेली. मी म्हटलं, “अब्बा, ही ठेवू. जुन्या मालात सगळं ओरिजिनल असलं तरच किंमत येते.”

“गिटारच्या तारा कशाला जोडलेल्या असतात?”

“चॅसिसला.”

“आणि चॅसिस?”

मी गप्प. १९७२ साली स्वान्सीमध्ये ‘स्टोन द क्रोज’ या बँडचा गिटारवादक लेस हार्वी अर्थिंग नसलेल्या माईकला हात लागून मंचावरच गेला. ही गोष्ट मीच कधीतरी मुलीला सांगितली होती.

“पोरी के हात में तार देनेवाला है ना? पैले अर्थिंग दे,” अब्बा म्हणाले आणि कटर उचलला. तेव्हा हात थरथरला नाही.

तीन पिनांची वायर लावली. लॅमिंग्टन रोडवरून २३०चे ११० करणारा ट्रान्सफॉर्मर आणला. पहिल्यांदा थेट लावला नाही. अब्बांनी सिरीज बोर्ड बनवला होता, मध्ये साठचा पिवळा बल्ब. आत कुठं शॉर्ट असेल तर बल्ब लखलखीत पेटून राहतो, सेट वाचतो. बटण दाबलं. बल्ब एकदम पेटला. आम्ही तिघंही श्वास धरून. मग तो हळूहळू मंद झाला, आणि व्हॉल्व्हच्या आत तांबूस उजेड आला.

बल्ब काढला. मुलीनं एक तार छेडली. आवाज मोठा नव्हता, पण जाड आणि गरम होता. अब्बा मान वळवून ऐकत होते, मागं ‘घूं’ येतोय का ते. येत नव्हता.

महिन्याभरानं एक जुन्या वस्तू घेणारा गृहस्थ बघायला आला. वायर पाहून त्यानं तोंड वाकडं केलं आणि भाव पाडला. मी अब्बांकडे पाहिलं.

“आवाज कम हुआ क्या?” त्यांनी विचारलं.

तो गेल्यावर मुलीनं तीन पिनांचा प्लग पुन्हा भिंतीत लावला. कापलेली वायर मी कपाटात ठेवली आहे.